अमूर्त अवकाशातील अवकल-बैजिक समीकरणांच्या परिबद्ध उकली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात दर रविवारी सकाळी आमचा एक छोटा अभ्यासवर्ग भरतो. एम.एस्सी. झालेली, सेट-नेटची तयारी करणारी आणि संशोधनाला नुकतीच लागलेली मुले-मुली त्यात असतात. या विषयावर पुन्हा पुन्हा विचारले गेलेले प्रश्न आणि फळ्यावर दिलेली उत्तरे येथे थोडी सविस्तर लिहून ठेवली आहेत. सगळीकडे ट म्हणजे वेळ, क्ष(ट) म्हणजे त्या वेळची अज्ञात अवस्था, क्ष′ म्हणजे तिचा वेळेनुसार अवकलज, फ(ट) म्हणजे बाहेरून दिलेले फलन, आणि अ व ब म्हणजे रेषीय ऑपरेटर, असे समजावे.

अवकल-बैजिक समीकरण म्हणजे नेमके काय?

अ क्ष′ = ब क्ष + फ अशा समीकरणात अ या ऑपरेटरला व्यस्त नसेल, तर ते अवकल-बैजिक समीकरण होय. अ ला व्यस्त असता तर तो दोन्ही बाजूंना लावून नेहमीचे अवकल समीकरण हाती आले असते. तसे करता येत नाही, याचा अर्थ समीकरणांच्या या संचातील काही ओळींत बदलाचा वेग दिलेला आहे आणि काही ओळींत वेग मुळीच नाही, केवळ एक बंधन आहे.

आपल्या शहराच्या पाणीपुरवठ्यावरून हे चटकन समजते. उजनीहून येणारे पाणी उंच टाक्यांत चढते आणि तेथून वाहिन्यांच्या जाळ्यातून वस्त्यांत उतरते. टाकीत पाणी साठते, म्हणून टाकीसाठी ‘पातळी बदलण्याचा वेग गुणिले टाकीचे क्षेत्रफळ बरोबर आत येणारे पाणी वजा बाहेर जाणारे पाणी’ असे अवकल समीकरण मिळते. दोन वाहिन्या जेथे मिळतात त्या सांध्यात मात्र काहीच साठत नाही. तेथे जेवढे आले तेवढे त्याच क्षणी गेले पाहिजे, म्हणून सांध्यासाठी अवकलज नसलेले समीकरण मिळते. टाक्या आणि सांधे यांची समीकरणे एकत्र लिहिली की अ मध्ये सांध्यांच्या जागी शून्ये येतात आणि त्याचा व्यस्त नाहीसा होतो. विजेच्या मंडलात संधारित्र आणि किर्चहॉफचे नियम यांच्यात हेच नाते असते. विल्यम गिअर यांनी १९७१ मध्ये अशी मिश्र समीकरणे एकदमच संख्यात्मक पद्धतीने सोडवण्याची जी रीत मांडली, तिच्यापुढे अशीच मंडले होती.

मग बंधनांच्या साहाय्याने काही अज्ञाते काढून टाकून साधे समीकरण का करू नये?

करता येते तेव्हा जरूर करावे. मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली अशी, की आरंभीची अवस्था मनाला येईल ती घेता येत नाही, कारण बंधने ट = ० या क्षणीही पाळली गेली पाहिजेत. दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. काही बंधने उघड दिसतात, तर काही बंधने समीकरणाचा अवकलज घेतल्यावरच वर येतात, आणि अशा दडलेल्या बंधनांमुळे उकलीमध्ये फ चे अवकलज शिरतात. लिंडा पेट्झोल्ड यांनी १९८२ मध्ये आपल्या लेखाच्या शीर्षकातच सांगून टाकले की अवकल-बैजिक समीकरणे ही साधी अवकल समीकरणे नव्हेत. परिबद्धतेच्या प्रश्नात हे विधान किती खरे ठरते, ते पुढे दिसेलच.

परिबद्ध उकलीचा एवढा आग्रह कशासाठी? आणि वेळ संपूर्ण वास्तव अक्षावर का घ्यायची?

परिबद्ध उकल म्हणजे जिचा नॉर्म, म्हणजे आकारमान मोजणारी संख्या, सर्व वेळी एका ठरावीक संख्येच्या आतच राहतो अशी उकल. टाकी ओसंडू नये आणि कोरडीही पडू नये, हीच अपेक्षा गणिताच्या भाषेत परिबद्धता बनते. बाहेरचे फ परिबद्ध असेल, तर उकलही परिबद्ध असते का, आणि अशी उकल एकच असते का, हा या विषयातला मूळ प्रश्न आहे. फ आवर्ती असेल आणि परिबद्ध उकल एकमेव असेल, तर ती उकल त्याच आवर्तनाची असते, कारण तिला एका आवर्तनाने सरकवले तरी ती त्याच समीकरणाची परिबद्ध उकल राहते आणि एकमेवतेमुळे स्वतःशीच जुळते. या छोट्या युक्तिवादाचे मोल माझ्या दृष्टीने फार मोठे आहे.

संपूर्ण अक्ष घेण्याचे कारण असे, की त्यावर आरंभीची अवस्था द्यावीच लागत नाही. भूतकाळात कितीही मागे गेलो आणि भविष्यात कितीही पुढे गेलो तरी आटोक्यात राहणे, ही एकच अट उकल निश्चित करण्यास पुरते किंवा पुरत नाही.

पुरत नाही, ते कधी, हे घराच्या गच्चीवरील टाकीत पाहावे. १००० लिटरची टाकी अर्धी भरलेली आहे. वापरापेक्षा मिनिटाला केवळ १ लिटर पाणी जास्त येत आहे आणि बॉलकॉक नाही. ही जादा आवक अगदी लहान आणि परिबद्ध आहे, तरीही ५०० मिनिटांत, म्हणजे ८ तास २० मिनिटांत, टाकी वाहू लागते. येथे समीकरण क्ष′ = फ असे आहे, त्याचा वर्णपट (आव्यूहासाठी आयगेन मूल्यांचा संच) शून्य या एकाच बिंदूचा आहे आणि शून्य काल्पनिक अक्षावर बसलेले आहे. बॉलकॉक बसवला की पातळी वाढताच आवक घटते, समीकरण क्ष′ = −क क्ष + फ असे होते (क ही धन संख्या), वर्णपट अक्षावरून डावीकडे सरकतो आणि उकल आटोक्यात येते.

साध्या अवकल समीकरणांबद्दल काय माहीत आहे?

या प्रश्नाचा पाया ओस्कार पेरॉन यांनी १९३० मध्ये घातला. अनंत मितीच्या अवकाशांत तो होसे लुईस मासेरा आणि हुआन शेफर यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून, तसेच मार्क क्राइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे नेला. ब हा बानाख अवकाशावरील (नॉर्म असलेल्या पूर्ण अवकाशावरील) परिबद्ध ऑपरेटर असेल, तर क्ष′ = ब क्ष + फ या समीकरणाला प्रत्येक परिबद्ध संतत फ साठी एक आणि एकच परिबद्ध उकल मिळणे, हे ब चा वर्णपट काल्पनिक अक्षाला न शिवण्याशी तंतोतंत समतुल्य आहे. वर्णपट अक्षाच्या दोन्ही बाजूंना असला तरी चालतो, अट केवळ अक्षाला न शिवण्याची आहे. डावीकडचा भाग पुढच्या दिशेने ओसरतो आणि उजवीकडचा मागच्या दिशेने ओसरतो. या विभागणीला घातांकी द्विभाजन म्हणतात.

दोन्ही बाजूंचा वर्णपट म्हणजे काय, ते सोलापूरकराला वेगळे सांगायला नको. मकरसंक्रांतीला श्री सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज उभे धरून मिरवले जातात. उभ्या काठीचा कल लहान असेल, तर आदर्श मांडणीत त्याचे समीकरण क्ष″ = क² क्ष + फ असे येते, आणि त्यात फ हे खालच्या टोकाच्या हालचालीतून येते. खालच्या टोकावर फिरू शकणाऱ्या एकसारख्या दंडासाठी क² बरोबर ३ग भागिले २ल, जेथे ग हे गुरुत्वीय त्वरण आणि ल ही दंडाची लांबी. लांबी ६ मीटर धरली तर क सुमारे १.५७ येतो आणि वाढता भाग दुप्पट व्हायला सुमारे ०.४४ सेकंद लागतात. ३० सेंटिमीटरच्या पट्टीसाठी क = ७ येतो आणि दुप्पट व्हायला ०.१ सेकंदही लागत नाही. उंच काठी तोलणे शक्य होते आणि हातावरची पट्टी लगेच पडते, याचे कारण या दोन आकड्यांत आहे.

या समीकरणाचे वर्णपट-बिंदू +क आणि −क आहेत, दोन्ही अक्षापासून दूर. त्यामुळे परिबद्ध उकल एकच आहे आणि ती स्पष्ट लिहिता येते:

क्ष(ट) = −(१/२क) ∫ एक्स्प(−क|ट − स|) फ(स) दस, आणि संकलन सर्व वास्तव स वर घ्यायचे.

फ चा नॉर्म म असेल तर उकलीचा नॉर्म म/क² पेक्षा जास्त होत नाही. बाकीच्या सर्व उकली हिच्यात वाढत्या किंवा घटत्या घातांकी फलनांची भर घालून मिळतात आणि त्यातली प्रत्येक उकल कधी ना कधी हाताबाहेर जाते. वरील सूत्रात फ च्या भावी किमतीही लागतात, ही गोष्ट मी वर्गात मुद्दाम थांबून सांगतो. अस्थिर भागाची परिबद्ध उकल आपल्या वर्तमानात भविष्याचा हिशेब धरून असते.

अवकल-बैजिक समीकरणात यापेक्षा वेगळे काय घडते?

ल ही संमिश्र संख्या घेऊन लअ − ब हा ऑपरेटरांचा समूह विचारात घ्यायचा. याला पेन्सिल म्हणतात. ज्या ल साठी याला परिबद्ध व्यस्त नाही, त्यांचा संच म्हणजे पेन्सिलचा वर्णपट, आणि व्यस्त असेल तेथे तो व्यस्त म्हणजे पेन्सिलचा रिझॉल्व्हंट. परिमित मितीत नियमित पेन्सिलचे प्रमाणरूप कार्ल वायरस्ट्रास यांनी १८६८ मध्ये दिले आणि अनियमित पेन्सिलचे काम लिओपोल्ड क्रोनेकर यांनी १८९० मध्ये पूर्ण केले.

समजा अ आणि ब परिबद्ध आहेत आणि पुरेशा मोठ्या सर्व ल साठी रिझॉल्व्हंट अस्तित्वात आहे. मग एका मोठ्या वर्तुळावर रिझॉल्व्हंट गुणिले अ याचे संकलन करून एक प्रक्षेप मिळतो आणि अवकाश दोन भागांत विभागला जातो. पहिल्या भागात अ ला व्यस्त आहे, म्हणून तेथे साधे अवकल समीकरण मिळते आणि मागील उत्तर जसेच्या तसे लागू होते. दुसऱ्या भागात ब ला व्यस्त आहे, आणि तो लावल्यावर समीकरण असे दिसते:

न व′ = व + ग.

येथे व म्हणजे क्ष चा या भागातील घटक, न म्हणजे ब चा व्यस्त लावलेला अ, ग म्हणजे तोच व्यस्त लावलेले फ, आणि न चा वर्णपट केवळ शून्य असतो. न चा एखादा घात, समजा न^प, शून्य असेल आणि त्याआधीचा घात शून्य नसेल, तर प ला समीकरणाचा निर्देशांक म्हणतात. अशा वेळी या भागात उकल शोधावी लागत नाही, ती आधीच ठरलेली असते:

व = −( ग + न ग′ + न² ग″ + … + न^(प−१) ग^(प−१) ), शेवटच्या पदात ग चा (प−१) वा अवकलज आहे.

मूळ समीकरणात ठेवून पाहावे, सगळी पदे एकमेकांना छेदून जातात. आता मुद्दा लक्षात येतो. निर्देशांक १ असेल तर व = −ग, आणि ग परिबद्ध असले की व परिबद्ध. निर्देशांक २ किंवा अधिक असेल तर ग चे अवकलजही परिबद्ध असावे लागतात, आणि परिबद्ध फलनाचा अवकलज परिबद्ध असतोच असे नाही. ग च्या दोन घटकांपैकी पहिला शून्य आणि दुसरा ज्या(ट²) घ्या, न मध्ये पहिल्या ओळीत दुसऱ्या जागी १ आणि बाकी शून्ये. उकलीचा दुसरा घटक −ज्या(ट²) येतो, पण पहिला −२ट कोज्या(ट²) येतो. आत दिलेले फलन −१ आणि १ यांच्या बाहेर कधीच गेले नाही, आणि उत्तर मात्र ट बरोबर वाढत गेले.

निर्देशांक मोठा असलेली उदाहरणे कृत्रिम नाहीत. तीच उभी काठी क्ष-य निर्देशकांत लिहा, ‘लांबी बदलत नाही’ हे बंधन म्हणून ठेवा आणि काठीतील ताण हे आणखी एक अज्ञात धरा. लांबीच्या बंधनाचा दोनदा अवकलज घेतल्यावर ताण हाती येतो आणि तिसऱ्यांदा घेतल्यावर ताणाचे अवकल समीकरण मिळते. या मांडणीचा निर्देशांक ३ आहे. तीच काठी कोनात लिहिली तर बंधनच उरत नाही. निर्देशांक हा बऱ्याच अंशी मांडणीचा गुण आहे.

दोन्ही अटी एकाच कसोटीत बसतात का?

बसतात, आणि माझ्या मते हाच या विषयाचा गाभा आहे. फ(ट) ऐवजी एकाच वारंवारतेचे दोलन घाला, म्हणजे काल्पनिक अक्षावरील ल = इव या बिंदूशी जोडलेले घातांकी फलन गुणिले एक स्थिर सदिश, जेथे इ हा काल्पनिक एकक आणि व ही वारंवारता. उत्तरही त्याच वारंवारतेचे दोलन येते आणि त्याचा सदिश रिझॉल्व्हंट लावून मिळतो. म्हणून काल्पनिक अक्षावर रिझॉल्व्हंट किती मोठा होतो, एवढे पाहिले की बाहेरच्या दोलनाचे उत्तर किती फुगेल ते कळते.

वर्णपटाचा एखादा बिंदू अक्षावर असेल, तर रिझॉल्व्हंट त्या बिंदूपाशी अमर्याद वाढतो. टाकीत हेच झाले, व = ० या वारंवारतेला. निर्देशांक प असेल, तर अक्षावर खूप वर किंवा खूप खाली गेल्यावर रिझॉल्व्हंट व च्या (प−१) व्या घातासारखा वाढतो. ज्या(ट²) मध्ये हेच झाले, कारण त्याची वारंवारता वेळेबरोबर वाढत जाते. म्हणून अ व ब परिबद्ध असताना आणि अनंताशी रिझॉल्व्हंटला फार तर परिमित कोटीचा ध्रुव असताना कसोटी अशी होते: प्रत्येक परिबद्ध संतत फ साठी (अ क्ष)′ = ब क्ष + फ याला एक आणि एकच परिबद्ध उकल मिळते, जर आणि तरच रिझॉल्व्हंट संपूर्ण काल्पनिक अक्षावर अस्तित्वात आहे आणि एकसमान परिबद्ध आहे. मधल्या पट्ट्यात तो फुगला तर दोष गतिकीचा, टोकांना फुगला तर दोष बंधनांचा.

अ क्ष′ ऐवजी (अ क्ष)′ का लिहिले, असे कोणीतरी नेहमी विचारते. क्ष च्या ज्या भागाला अ शून्य करतो, त्याचा अवकलज असण्याची मुळात गरजच नाही. (अ क्ष)′ या रूपात ती अनावश्यक मागणी राहत नाही.

अमूर्त अवकाशाची गरज काय? आव्यूहांवर भागत नाही का?

भागत नाही, कारण अवस्था ही अनेकदा मोजक्या संख्यांची यादी नसून एक संपूर्ण फलन असते. सोलापूरची जमीन काळी आणि तिच्याखाली दख्खनचा बेसाल्ट. विहीर खणणाऱ्याला ठाऊक असते की पाणी वाहते ते खडकाच्या भेगांतून, आणि भेगांच्या मधल्या कुजलेल्या, सच्छिद्र खडकात ते साठून राहते. भेगाळ खडकातील पाझराचे समीकरण बॅरेनब्लाट, झेल्तोव्ह आणि कोचिना यांनी १९६० मध्ये मांडले. भेगांतील दाब द आणि खडकाच्या ठोकळ्यांतील दाब स, दोन्ही जागा व वेळ यांची फलने. भेगांची साठवण नगण्य धरल्याने भेगांच्या समीकरणात वेळेचा अवकलज येत नाही:

० = क Δद + ग (स − द),
ब स′ = ग (द − स) + फ.

येथे Δ म्हणजे लाप्लास ऑपरेटर, क म्हणजे भेगांतील वहनक्षमता, ग म्हणजे भेग आणि ठोकळा यांच्यातील देवाणघेवाणीचा गुणांक, ब म्हणजे ठोकळ्यांची साठवण (मघाच्या ऑपरेटरशी त्याचा संबंध नाही), आणि फ मध्ये पावसाची भर व उपसा दोन्ही आले. वरची ओळ म्हणजे सांधा, खालची म्हणजे टाकी, परंतु या वेळी प्रत्येक बिंदूवर एक सांधा आणि एक टाकी आहे.

क्षेत्राच्या कडेला दाब शून्य धरा, म्हणजे तेथून पाणी बाहेर जाऊ शकते. मग −Δ ची आयगेन मूल्ये धन असतात आणि सर्वांत लहान म₁ शून्यापेक्षा मोठे असते. वरच्या ओळीतून द निघतो, कारण ग − कΔ ला व्यस्त आहे, आणि निर्देशांक १ आहे. खालच्या ओळीत तो ठेवल्यावर स साठी जो ऑपरेटर उरतो त्याची आयगेन मूल्ये −(ग/ब)·कम/(ग + कम) अशी येतात, जेथे म हे −Δ चे आयगेन मूल्य. म कितीही मोठे झाले तरी ही मूल्ये −ग/ब च्या पलीकडे जात नाहीत. Δ स्वतः अपरिबद्ध असूनही बंधनाने त्याला आवर घातला आणि उरलेला ऑपरेटर परिबद्ध झाला, हे मला प्रत्येक वेळी तितकेच विलक्षण वाटते. शून्याच्या सर्वांत जवळचे मूल्य म₁ पासून येते आणि ते शून्याच्या डावीकडे ठरावीक अंतरावर राहते, म्हणून परिबद्ध फ ला एकमेव परिबद्ध उकल मिळते.

आता कडेने पाणी मुळीच बाहेर जात नाही असे धरा. म = ० हे आयगेन मूल्य येते, वर्णपट शून्याला शिवतो, आणि भर उपशापेक्षा सतत थोडी कमी असली तरी दाब घसरतच राहतो. गच्चीवरची टाकी आणि तालुक्याचा खडक, दोघांचा बिघाड एकाच बिंदूवर होतो.

न चा कोणताच घात शून्य नसेल तर?

हे केवळ अनंत मितीतच शक्य आहे. न चा वर्णपट फक्त शून्य, तरीही प्रत्येक घात शून्याहून वेगळा. नमुना म्हणजे ० ते १ या अंतरावरील संतत फलनांवर काम करणारा व्होल्तेरा ऑपरेटर, जो फलनाचे ० पासून स पर्यंत संकलन करतो. ग हे फक्त वेळेवर अवलंबून, ग(ट) = ह(ट), असे घेऊ. १ या स्थिर फलनावर न चा ज वा घात लावला की स^ज भागिले ज! मिळते. वरचे सूत्र आता अनंत श्रेणी बनते:

व(ट, स) = −( ह(ट) + स ह′(ट) + स² ह″(ट)/२ + … ).

ही टेलरची श्रेणी आहे, म्हणून तिची बेरीज −ह(ट + स). उत्तर हाती आल्यावर अवकलजांची गरजच संपते. ह केवळ संतत आणि परिबद्ध असले, त्याला एकही अवकलज नसला, तरी व(ट, स) = −ह(ट + स) हे (न व)′ = व + ग या समीकरणात चपखल बसते आणि ह च्याच मर्यादेत राहते. श्रेणी मध्येच, दोन-तीन पदांवर तोडली असती तर अवकलजांची अट लागली असती, ती पूर्ण चालवल्यावर लागत नाही. नंदीध्वजाच्या उकलीप्रमाणे येथेही उत्तराला भविष्य लागते, मात्र जास्तीत जास्त एका एककापर्यंतचे.

हा लाभ सरसकट मिळत नाही. ग हे स वरही अवलंबून असेल, तर स नुसारच्या त्याच्या अवकलजाची परिबद्धता पुरेशी ठरते, म्हणजे वेळेतील गुळगुळीतपणाऐवजी जागेतील गुळगुळीतपणा मोजून द्यावा लागतो. तसेच, न कोणताही असो, ग ची वारंवारता एका पट्ट्यात मर्यादित असेल तर बर्नस्टाइनच्या असमतेमुळे प्रत्येक अवकलज घेताना नॉर्म फार तर एका ठरावीक पटीने वाढतो, आणि न च्या घातांचे नॉर्म त्याहून वेगाने लहान होत असल्याने श्रेणी अभिसारी होते.

अर्धअक्षावर, म्हणजे ट ≥ ० वर, उत्तर कसे बदलते?

वर्णपट अक्षापासून दूर आणि निर्देशांक १ असेल, तर परिबद्ध उकली मिळतात, पण एकमेव नसतात. स्थिर भागाची आरंभीची किंमत मोकळेपणाने देता येते, अस्थिर भागाची आपोआप ठरते आणि बंधनाच्या भागाची तर फ नेच ठरवलेली असते.

ऑपरेटर अपरिबद्ध असतील तर हीच कसोटी चालते का?

येथे घाई करू नये. अपरिबद्ध ऑपरेटरांसाठी वर्णपट अक्षापासून दूर असणे पुरेसे नाही, कारण तो अनंताकडे जाताना रिझॉल्व्हंट फुगू शकतो. येझी झाबचिक यांनी १९७५ मध्ये हिल्बर्ट अवकाशातच (आंतरगुणाकार असलेल्या पूर्ण अवकाशातच) असा अर्धगट, म्हणजे अवस्था वेळेबरोबर पुढे नेणाऱ्या ऑपरेटरांचा संच, दाखवला, ज्याची वाढ त्याच्या जनकाच्या वर्णपटावरून ओळखता येत नाही. हिल्बर्ट अवकाशात रिझॉल्व्हंट अक्षावर एकसमान परिबद्ध असणे पुरते, हे गिअरहार्ट यांच्या १९७८ च्या आणि यान प्रुस यांच्या १९८४ च्या कामातून स्पष्ट झाले. सर्वसाधारण बानाख अवकाशात तेवढ्यानेही भागत नाही. अ ला व्यस्त नसलेल्या समीकरणांसाठी ही काळजी दुप्पट घ्यावी लागते, आणि प्रबंधाचा विषय निवडताना अवकाश हिल्बर्ट आहे की नाही हे पहिल्याच पानावर लिहावे असा माझा आग्रह असतो.

परिबद्ध उकल संगणकावर कशी काढायची?

आरंभबिंदूपासून पुढे पुढे जाऊन नाही. एका विद्यार्थिनीने वर्गात क = १ घेऊन क्ष″ = क्ष + फ सोडवले. आरंभ अचूक सूत्रावरून घेतला होता आणि कार्यक्रमात चूक नव्हती. तरीही ४० सेकंदांनंतर आकडे वीसच्या वर गेले. संगणकाची १०^(−१६) एवढी गोळाबेरीज-चूक या काळात सुमारे २.३५ × १०^१७ पट होते, म्हणजे जवळपास २४. स्थिर भाग डावीकडून उजवीकडे आणि अस्थिर भाग उजवीकडून डावीकडे काढावा, किंवा दोन टोकांना अटी घालून सीमामूल्य प्रश्न म्हणून सोडवावा. बंधनाच्या भागासाठी निर्देशांक १ असेल तर गिअर यांच्या मागे पाहणाऱ्या फरकपद्धती किंवा साधी अव्यक्त ऑयलर पद्धत चांगली चालते. निर्देशांक मोठा असेल तर आधी समीकरणाची मांडणी बदलून तो कमी करावा.

अरेषीय समीकरणांचे काय?

(अ क्ष)′ = ब क्ष + फ(ट, क्ष) असे समीकरण घ्या आणि रेषीय भाग वरच्या कसोटीत बसतो असे धरा. रेषीय प्रश्नात फ ला त्याची परिबद्ध उकल देणाऱ्या ऑपरेटरचा नॉर्म म असेल, फ हे क्ष मध्ये लिपशिट्झ असेल आणि त्याचा स्थिरांक ळ असेल, म्हणजे क्ष बदलल्यावर फ त्या बदलाच्या फार तर ळ पट बदलत असेल, तर मळ < १ असताना बानाख यांच्या १९२२ च्या आकुंचन प्रमेयाने परिबद्ध उकल एकमेव मिळते. निर्देशांक २ असेल तर हा युक्तिवाद तसाच चालत नाही, कारण उकल काढताना अवकलज घ्यावा लागतो आणि तो ऑपरेटर परिबद्ध फलनांवर परिबद्ध राहत नाही.

यासाठी आधी काय वाचलेले असावे?

फलनीय विश्लेषणाचा एक पूर्ण अभ्यासक्रम, त्यात विशेषतः ऑपरेटरचा वर्णपट आणि रीस प्रक्षेप, तसेच आव्यूहांच्या जॉर्डन रूपाची पक्की सवय. विद्यापीठाच्या एम.एस्सी. अभ्यासक्रमातून यातले बरेचसे झालेले असते. नव्या विद्यार्थ्याने न हा २ × २ घेऊन, ज्या(ट²) चे उदाहरण हाताने सोडवून सुरुवात करावी, मग तेच ज्या(ट) घेऊन करावे, आणि दोन्ही वेळी इवअ − ब चा व्यस्त लिहून त्यातला कोणता घटक व बरोबर वाढतो त्याच्याभोवती पेन्सिलने गोल करावा.